दळवी गुरुजी वर राहायला गेले

दळवींचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. पाठ विचारा, डोळे मिटून सांगतो. सहा वर्षं मी ती पाठ रोज साडेतीन तास बघत होतो. महाडहून निघायचं, पोलादपूर गाठायचं, तिथून आत वळून कुडपणच्या अंगाला डोंगर चढायचा आणि एका वाडीतल्या शाळेत पोचायचं. जायला पावणेदोन तास, यायला पावणेदोन तास, आणि हे सगळं मोटरसायकलवर. पुढं दळवी, मागं मी. मला गाडी येते, पण घाटात हात थरथरतात. हे मी कुणाला सांगायचो नाही. "पेट्रोल वाचतं" असं सांगायचो.

शाळा दोन शिक्षकांची, पट बारा. मी मुख्याध्यापक. उगाच फार मोठं काही समजू नका, कुलपाची किल्ली माझ्याकडं असायची एवढंच. वाडीत मला मोठे गुरुजी म्हणत आणि दळवींना नुसतं गुरुजी. खरे गुरुजी कोण ते वाडीला बरोबर कळलं होतं.

तर ती पाठ. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. उन्हाळ्यात पोलादपूर येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला. आणि काळजी वाटली की मान कॉलरच्या आत जायची. मान आत गेली की मी मागं सावध होऊन बसायचो. पुढं म्हैस तरी असायची, दरडीचे दगड तरी असायचे, नाहीतर साहेबाची जीप.

माणूस भयंकर काळजीखोर. त्यांच्या डिकीत काय नव्हतं? नायलॉनची दोरी, झाड आडवं पडलं तर कोयता, पंक्चरचं सामान, मोबाईलसाठी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकीला भोक पडलं तर म्हणून दुसरी. शाळेत खोक्यात कोरड्या कपड्यांचा एक जोड त्यांचा आणि एक माझा. माझे कपडे माझ्या बायकोकडून परस्पर मागून आणले होते, मला पत्ताच नाही!

घाटात गाडी लागली की मी सवयीनं म्हणायचो, "चला, पोचलो." दळवी लगेच अडवायचे. "सर, पोचू म्हणा. स्टँड लावल्याशिवाय पोचलो म्हणायचं नाय." सहा वर्षांत ही सवय मला इतकी लागली की आता घरातून भाजी आणायला गेलो तरी पिशवी खाली ठेवेपर्यंत मी पोचलो म्हणत नाही. बायको हसते.

घाटातल्या वळणांना त्यांनी शाळेतल्या पोरांची नावं दिली होती. सुरेशचं वळण, कारण सुरेश कधी सरळ उत्तर देत नसे. मंदाचं वळण लांबलचक, कारण मंदा एकदा बोलायला लागली की थांबत नसे. पोरांना याचा कोण अभिमान! नवीन पोरगं पहिलीत आलं की चार दिवसांत विचारायचं, "गुरुजी, माजं वळान कुटलं?" दळवी म्हणायचे, "थांब जरा, तुझी ओळख होऊ दे." मग एक दिवस वर्गात जाहीर व्हायचं. पोरगं घरी जाऊन सांगायचं आणि आईबाप रविवारी ते वळण बघून यायचे.

पोलादपूर सोडलं की फोनची रेंज जायची. मग वर अर्ध्या घाटात एक मोठा दगड होता, त्याच्यावर चढून हात वर केला की एक काडी दिसायची. दळवी तिथं रोज गाडी लावायचे, दगडावर चढायचे आणि महाडला मनीषावहिनींना एक मिस्ड कॉल द्यायचे. उलट एक यायचा. झालं. बोलणं नाही काही नाही. पावसात मी छत्री धरून खाली उभा आणि हा गृहस्थ दगडावर हात वर करून! मी चिडायचो. "अहो, वहिनींना माहीत आहे तुम्ही शाळेतच जाताय म्हणून."

"सर, ती काल संध्याकाळी बातमी बघत होती. कशेडीत ट्रक उलटला."

"मग? कशेडी आपल्या वाटेवर आहे का?"

"मी हेच म्हणालो. ती म्हणाली, घाट तो घाट."

पुढं मी बोलायचं सोडलं. वहिनींना भीती काही उगाच नव्हती. त्यांना रात्रीची झोप नव्हती, पोटात सारखी आग पडायची. पाच वाजता उठून डबा करायचा, सातला नवऱ्याला दारातून घालवायचं आणि तो परत दारात दिसेपर्यंत अर्धं लक्ष घड्याळाकडं. त्यांची मुलगी सई तेव्हा दुसरीत. दळवी निघताना ती झोपलेली असायची. संध्याकाळी साडेसहाला ते परत यायचे ते जिन्यावर बसायचे. दोन मजले चढण्याआधी पायरीवर पाच मिनिटं बसावं लागायचं. घरात गेले की जेवतानाच डोळे मिटायचे.

एकदा सईच्या शाळेत पालकसभा होती. दळवींनी अर्धी रजा टाकली. मी म्हटलं, पूर्ण टाका. नाही, म्हणे, दुपारी आपल्या पोरांची चाचणी आहे. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधी जाऊन वर्गात पहिल्या बाकावर बसले. मास्तर माणूस, वहीत टिपणंही घेतली. अर्ध्या तासानं बाईंनी विचारलं, "आपण कुणाचे पालक?" हे म्हणाले, "सई दळवी." बाई म्हणाल्या, "ती या वर्गात नाही, शेजारच्या तुकडीत आहे." हे धावत शेजारी गेले, तिथली सभा संपून बाया निघाल्या होत्या. वहिनी दाराशी उभ्या. 

दुसऱ्या दिवशी गाडीवर हे सगळं मला सांगितलं, हसत हसत. मीही खो खो हसलो. मग सुरेशच्या वळणावर म्हणाले, "बारा पोरांचे आजार, आवडीनिवडी, कुणाच्या घरी म्हैस व्यायली, सगळं मला पाठ आहे सर. आणि माझ्या पोरीची तुकडी माहीत नाही." मी मागून त्यांच्या खांद्यावर थोपटलं. दुसरं काय करणार?

कंबर तर गेलीच होती. रविवार आला की सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन बसायचे. सहा दिवस पाठ मोडायची आणि सातव्या दिवशी भिजवायची, असा कार्यक्रम. म्हणजे तो रविवारही घरच्यांचा नाहीच.

मग एका सकाळी जे झालं त्यानं माझी पाचावर धारण बसली. चढणीवर गाडी हळू झाली, कडेला थांबली. दळवींनी वळून मला विचारलं, "सर, मंदाचं वळण गेलं का?"

मी म्हटलं, "कधीच! चार वळणं झाली की त्याला."

"मला आठवत नाही," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक. "मी गाडी चालवत होतो ना?"

खाली दरी. चार वळणं हा माणूस उघड्या डोळ्यांनी झोपेत गाडी चालवत होता, आणि मी मागं बसून परसबागेच्या फाइलीचा विचार करत होतो.  आम्ही दोघं कठड्यावर बसलो. पाणी प्यायलो. दळवी म्हणाले, "हिला सांगू नका हां." त्या दिवशी परत येताना मी त्यांना बळजबरीनं पोलादपूरला डॉक्टरांकडं नेलं. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे सत्तर. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि विचारलं, "रोज किती तास गाडीवर असता?" साडेतीन ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "गोळी मी देतो, पण गोळी काय काय करील?" म्हणाले.

तुम्ही म्हणाल, बदली का नाही घेतली? अहो, दरवर्षी अर्ज भरत होते. महाडच्या आसपासच्या सगळ्या शाळा टाकून बसायचे आणि यादी आली की नाव आपलं होतं तिथंच.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. नियमानं शिक्षकानं शाळेच्या गावातच राहायचं असतं. आम्ही दोघंही कागदावर वाडीतच राहायचो. दरवर्षी ग्रामसभा भरायची, गुरुजी इथंच राहतात असा ठराव व्हायचा, लोक सह्या-अंगठे द्यायचे. शाळेजवळ एक खोली होती. तिथं खाट, गादी, दोरीवर एक लुंगी, कोनाड्यात टूथब्रश. साहेब आले तर दिसावं म्हणून. तो टूथब्रश सहा वर्षं कोरडा होता. आम्ही एकटेच असं करत नव्हतो, पण म्हणून ते खरं होत नाही.

सहाव्या वर्षाच्या श्रावणात एकदा शाळा सुटल्यावर निघालो तर थोडं खाली रस्ताच नाही. मातीचा लोंढा आणि त्यात आडवं पडलेलं ऐनाचं झाड. डिकीतला कोयता बघून मला हसू आलं. रेंजचा दगड दरडीच्या पलीकडं. गाडी वळवली, पुन्हा शाळेत. दळवींची मान खांद्यात गेलेली. "ती काय समजेल?" एवढंच सारखं. "सर, ती काय समजेल?"

आम्ही खोली उघडून खाटेवर बसलो. दिवेलागणीला बाहेर पावलं वाजली. जनाआजी. शाळेच्या शेजारच्या घरातली म्हातारी, एका हातात इरलं सावरत, दुसऱ्या हातात पेटवलेला दिवा. ती सवयीनं उंबऱ्यापाशी वाकली, दिवा ठेवला, मग आत आम्हाला बघितलं.

"बरा झाला, आज घरात हायत," ती म्हणाली.

दळवी म्हणाले, "आजी, हा दिवा कशाला?"

"कशाला म्हंजे? रोज लावते."

"रोज? इथं कोण राहतं?"

"तुमी ऱ्हाता ना," आजी म्हणाली. तिला आमचा प्रश्नच कळेना. "कागदावर आंगठा दिलाय मी. सरपंचानी वाचून दावलाय, गुरुजी हितं ऱ्हातात. आता मान्सा ऱ्हातात त्या घरात तिन्हीसांजंला काळोख कसा ठेवायचा? दिवा नाय लावला तर माजा आंगठा खोटा पडल, नाय का?"

मी तर खाली बघायला लागलो. सरकारी कागदावरचं एक वाक्य आम्ही सोय म्हणून वापरत होतो आणि ही बाई ते खरं करायला रोज संध्याकाळी तेल जाळत होती. दळवी उठले, आजीच्या पाया पडले. ती म्हणाली, "अरे रे, गुरुजी, भाकरी खाल्लीत काय?" आणि नाचणीच्या भाकऱ्या आणायला गेली.

जेवण होऊन साडेसातला दळवी आडवे झाले ते सकाळी सहाला उठले. काळजीनं कूस बदलत राहतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! साडेदहा तास. उठल्यावर चक्रावल्यासारखे बघत होते.

पण खरा प्रसंग पुढंच होता. आम्ही चालत दरडीपाशी गेलो. पलीकडून जेसीबी आला होता, अजून काम सुरू व्हायचं होतं. आणि जेसीबीच्या शेजारी मनीषावहिनी. पहिली मिळेल ती जीप धरून आलेल्या. एका हाताला रेनकोटातली सई. मध्ये वीसेक पावलं चिखल.

दळवी धावत कडेला गेले आणि ओरडले, "मी बरा आहे! झोपलो होतो!"

आता हे पहिलं वाक्य बोलायचं का?  मग तिकडून आवाज आला, "झोपला होतात? मी अख्खी रात्र खिडकीत उभी! पोलिसांना तीनदा फोन केला! आणि तुम्ही झोपला होतात?"

जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं. त्यालाही ऐकायचं होतं.

"अगं, रेंज नव्हती…"

"मला रेंज नको!" वहिनी रडायला लागल्या, पण आवाज खाली येईना. "मला ते मिस्ड कॉल नकोत. तुम्ही एका बाजूला राहा! इकडं राहा नाहीतर तिकडं राहा. तिकडं असलात तर तिकडं आहात म्हणून मी झोपेन तरी. हे मधलं मला नको! मधे तुम्ही कुठं असता ते मला कधीच कळत नाही!"

दळवी चिखलाच्या काठावर उभे. सईनं आईच्या साडीचा पदर धरलेला. इकडं राहणं दळवींच्या हातात नव्हतं.

मग तिकडं. गणपती झाल्यावर दळवी कुटुंब टेम्पोत सामान भरून वाडीत राहायला गेलं. लोकांनी वेड्यात काढलं. वाडीतली निम्मी घरं मुंबईला गेलेली, कुलपं लागलेली, आणि हे महाडची पक्की खोली सोडून वर! सासूबाई फोनवर म्हणाल्या, "साप चावला तर डॉक्टर कुठाय?" वहिनींनाही तीच भीती. "दिवाळीपर्यंत बघू," म्हणाल्या, "नाही जमलं तर मी पोरीला घेऊन खाली येणार." त्या बोलल्या तसं करतील याबद्दल कुणालाच शंका नव्हती, दळवींना तर मुळीच नाही. जनाआजी मात्र पहिल्याच संध्याकाळी दाराशी आली आणि वहिनींना म्हणाली, "ह्यो घे तुजा दिवा. आता तुजा तू लाव गो. माजं गुडघं दुखतात."

आणि माझं? मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? माझी गाडी गेली. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढं जीप, जीप भरेपर्यंत ताटकळणं. मलाही दळवी म्हणाले, "सर, तुम्हीपण या, शेजारची खोली रिकामी आहे." मी म्हटलं, माझी आता किती वर्षं राहिलीत? सवय आहे मला.

पहिले आठ-दहा दिवस दळवी गोंधळलेले. एकदा शाळा सुटल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, साडेचारनंतर लोक काय करतात हो?" मी म्हटलं, "मला काय माहीत? मी जीपमध्ये असतो." मग त्यांनी शाळेमागं पडवळ लावलं, वाल लावले. सईला आपल्याच शाळेत तिसरीत घातलं, पट तेरा झाला. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, हातात खडू तसाच.

"सर, सई डावरी आहे."

"मग?"

"मग काय! मला माहीतच नव्हतं. मी तिला लिहिताना बघितलंच नव्हतं कधी."

मान पार कॉलरमध्ये.  त्यांनी वर्गात जाऊन तिचा बाक हलवला, डाव्या हाताला भिंत येणार नाही असा.

दिवाळीला वहिनी खाली आल्या. आता परत जातात की नाही, म्हणून माझ्या बायकोनं मुद्दाम चहाला बोलावलं. वहिनी म्हणाल्या, "विंचू निघाला एकदा. लाइट जाते. पण झोप येते हो." आणि गेल्या परत. माघात दळवींना मी पुन्हा डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोनदा मोजलं आणि गोळी अर्धी केली. सवचा रविवार बंद झाला, कारण भिजवायला दुखणं राहिलं नव्हतं. काळजी मात्र संपली नव्हती बरं का, तिची फक्त जागा बदलली. माझी जीप दहा मिनिटं उशिरा आली की दळवी छत्री घेऊन रस्त्यावर. "सर, काय झालं? कुठं अडकला?" मी खेकसायचो, "शाळेत पोरांकडं बघा!" पण उतरताना कुणीतरी आपली वाट बघत उभं आहे, हे बरं वाटायचं. तोंडानं कधी म्हटलं नाही.

दोन वर्षांनी नोव्हेंबरअखेर मी निवृत्त झालो. वाडीनं शाल दिली, नारळ दिला, दळवींनी भाषणात माझ्याबद्दल बऱ्याच चांगल्या आणि काही खऱ्या गोष्टी सांगितल्या. साडेचारला जीप आली. मी सामान टाकलं आणि वळून बघितलं. दळवी आणि सई शाळेतून खोलीकडं चालले होते. वीस पावलांचं अंतर, पण सई पाय आपटत, तणतणत.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"बघा ना मोठे गुरुजी!" ती म्हणाली. "बाबा रोजच लवकर घरी येतात. मला खेळायलाच मिळत नाही. सारखं घरात, सारखं घरात!"

दळवी तिथंच थांबले. माझ्याकडं बघून हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले. "ऐकलंत ना सर? ऐकलंत ना काय म्हणते?" त्या दिवशी त्यांचा चेहरा मी नीट बघितला.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी बसलो. माझा मुलगा पनवेलला नोकरीला असतो. चांगला आहे. सणाला येतो, वाकून नमस्कार करतो, तब्येत विचारतो. मी घरी फार असतो, अशी तक्रार करायची वेळ त्याच्यावर मी कधी येऊच दिली नाही.